दंतोत्पाटनानंतरची शुश्रूषा आणि कवळीचे सात्म्य

विषयप्रवेश

दात काढण्याचे कर्म आपल्यापैकी फार थोडे जण करतात. भारतीय चिकित्सा केंद्रीय परिषदेच्या नोव्हेंबर २०२० च्या अधिसूचनेमुळे शालाक्यतंत्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या कर्मप्रशिक्षणात दंतोत्पाटनाचा समावेश झाला. तरीही तुमच्या-माझ्यासारख्या सामान्य व्यावसायिकाकडे रुग्ण येतो तो दात काढून झाल्यावर. गालावर रुमाल धरून तो विचारतो, "दाढ काढलीय, आता काहीतरी आयुर्वेदिक द्या." तीन-चार महिन्यांनी तोच रुग्ण नवी कवळी खिशातील डबीत घेऊन येतो आणि म्हणतो, "टोचते हो, घालवत नाही."

या दोन्ही प्रसंगी काय द्यावे याची माहिती आपल्याला भरपूर आहे. त्रिफळा आहे, यष्टिमधु आहे, इरिमेदादि तैल आहे, खदिरादि वटी आहे. परंतु केव्हा द्यावे आणि केव्हा देऊ नये, हा विचार मागे पडतो. प्रस्तुत लेखात या कालविचारावरच भर दिला आहे. लेखात दिलेल्या दोन्ही रुग्णांच्या बाबतीत चूक माझी होती. ती इतरांकडून होऊ नये हा लेखाचा हेतू आहे.

शास्त्रविचार

चरकाचार्यांनी शरीरातील ३६० अस्थी मोजताना ३२ दात आणि ३२ दंतोलूखले वेगवेगळी धरली आहेत. उलूखल म्हणजे उखळ. दात निघाला तरी उखळ मागे राहते आणि तेथे एक खोल व्रण असतो, हे या एका शब्दातून ध्यानात येते. सुश्रुताचार्यांनीही दातांच्या संधीला उलूखल संधीच म्हटले आहे.

सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानातील २२ व्या अध्यायात वरचा दात हलत असला तरी काढू नये, असे बजावले आहे. त्याचे कारण रक्ताचा अतियोग आणि त्यामुळे होणारे घोर उपद्रव असे दिले आहे. अष्टांगहृदयाच्या उत्तरस्थानातील २२ व्या अध्यायात कृश, दुर्बल, वृद्ध व वातार्त यांचे दात काढण्याचा निषेध आहे. तेथेच पुढे, काढावा लागलाच तर स्निग्ध, मधुर व शीत उपक्रम हितकर, असा निर्देश आहे.

आज भूल आहे, टाके आहेत, रक्तस्तंभनाची साधने आहेत. त्यामुळे वरचे दातही निर्धोकपणे काढले जातात. पण निषेधामागील भीती कशाची होती, हे विसरून चालणार नाही. ज्या वृद्ध, दुर्बल रुग्णांबद्दल वाग्भटाचार्य सावध करतात, तेच आज एका बैठकीत पाच-सहा दात काढून कवळीसाठी रांगेत असतात. त्यांतील अनेकांना हृद्रोगासाठी रक्त पातळ ठेवणारी औषधे चालू असतात.

पहिला रुग्ण

वय ६४, शेतकरी कुटुंबातील स्त्री. खालच्या जबड्यातील दोन दाढा तालुक्याच्या ठिकाणी काढल्या होत्या. त्याच दिवशी संध्याकाळी त्या माझ्याकडे आल्या. वेदना फारशी नव्हती, थुंकी किंचित लाल होती. दंतवैद्यांनी दिलेला चिठोरा त्यांनी घरीच ठेवला होता. मी तो मागवला नाही. मुखरोगात कवल श्रेष्ठ, या विचाराने मी त्रिफळा क्वाथाच्या चुळा त्याच रात्रीपासून दिवसातून पाच वेळा 'चांगल्या खळखळून' भरण्यास सांगितले.

तिसऱ्या दिवशी रात्री त्या कानापर्यंत जाणारा असह्य ठणका घेऊन आल्या. तोंडाला दुर्गंधी होती. उखळात पाहिले तर रक्ताची गुठळी नव्हती, तळाशी करडे हाड दिसत होते. दंतवैद्यकात याला ड्राय सॉकेट, म्हणजे कोरडे उखळ म्हणतात. बाईंना चाळीस वर्षांची मिश्रीची सवय होती आणि खालच्या दाढांत हा उपद्रव अधिक होतो, हे खरे. तरीही माझ्या सल्ल्याचा त्यात वाटा नव्हता, असे मला म्हणता येणार नाही. दंतवैद्यांनी उखळ धुऊन औषधी पट्टी भरली. आठवड्याने त्या बऱ्या झाल्या. त्या तीन रात्री त्यांनी कशा काढल्या, हे त्यांच्या सुनेने मला सांगितले.

गुठळीचे महत्त्व

दात निघाल्यावर उखळात जमणारे रक्त हा मळ नव्हे. ते त्या व्रणाचे पहिले आच्छादन असते. याच गुठळीत पुढे नवा मांसांकुर येतो आणि त्यावर हिरडी मिटते. वरची हिरडी मिटण्यास सामान्यतः दोन ते चार आठवडे लागतात. आतले हाड भरून येण्यास कित्येक महिने जातात. गुठळी निसटली की अस्थी उघडी पडते आणि तेथे वाताचा प्रकोप होतो. हा उपद्रव बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवशी दिसतो.

गुठळी निसटण्याची कारणे साधी असतात: जोराने चूळ भरणे, वारंवार थुंकणे, नळीने ओढून पेय पिणे, विडी-सिगारेट ओढणे, मिश्री लावणे, जिभेने किंवा बोटाने उखळ चाचपणे. आपला कवल या यादीत अगदी वर येतो, कारण कवल म्हणजे तोंडात सुखाने फिरवता येईल इतका द्रव. ते फिरवणेच येथे घातक ठरते. गंडूषात द्रव फिरवायचा नसतो, पण तोंड पूर्ण भरायचे असते. म्हणून पहिल्या आठवड्यात सांगायची क्रिया धड कवलही नव्हे आणि गंडूषही नव्हे. थोडा द्रव तोंडात घ्यावा, मान त्या बाजूस कलती करून क्षणभर धरावा आणि न थुंकता तोंडातून गळू द्यावा.

दंतोत्पाटनोत्तर क्रम

दंतवैद्यांची लेखी सूचना असल्यास ती प्रथम वाचावी. पुढील क्रम तिला पूरक समजावा.

१) पहिले २४ तास: उखळात काहीही घालू नये. चूळ नाही, तेल नाही, मंजन नाही. लवंग तेलाचा बोळा तर नकोच, त्याने ताज्या व्रणाचा दाह होतो. दंतवैद्यांनी दिलेला कापसाचा बोळा अर्धा ते पाऊण तास घट्ट चावून धरावा. थुंकी दिवसभर गुलाबी राहणे स्वाभाविक आहे. रक्त वाहू लागल्यास स्वच्छ ओला बोळा पुन्हा अर्धा तास चावून धरावा. तरीही न थांबल्यास दंतवैद्यांकडे पाठवावे. गालावर बाहेरून थंड शेक थांबून थांबून द्यावा. आपल्याकडे घरोघरी तव्यावर फडके तापवून शेकण्याची पद्धत आहे, ती पहिल्या दिवशी कटाक्षाने टाळावी. झोपताना डोके उंच ठेवावे.

आहार स्निग्ध, मधुर व शीत असावा: गार केलेली तांदळाची पेज व तूप, साय घातलेले दूध, नाचणीचे सत्त्व, पिकलेले केळे कुस्करून. सर्व पेये पेल्यानेच प्यावीत. वाग्भटाचार्यांचा निर्देश आणि आजच्या दंतवैद्यांचा सल्ला येथे तंतोतंत जुळतात.

२) दुसरा व तिसरा दिवस: पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून वर सांगितलेल्या पद्धतीने जेवणानंतर तीन-चार वेळा तोंड धुवावे. सूज साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक असते, हे रुग्णास आधीच सांगावे म्हणजे तो घाबरत नाही. उरलेले दात मऊ ब्रशने घासावेत, उखळाची जागा सोडावी. गुरगुट्या भात, मुगाचे वरण, लापशी, दुधी भोपळ्याची मऊ भाजी चालते. तीळ, खसखस, राजगिरा, मोहरीची फोडणी, चिवडा, शेंगदाणे वर्ज्य, कारण यांचे कण उखळात अडकतात.

३) चौथ्या दिवसापासून: वेदना उतरती असेल तर यष्टिमधु किंवा त्रिफळ्याचा सौम्य क्वाथ दुहेरी फडक्यातून गाळून कोमट वापरावा. क्वाथात चोथा राहू नये. टाके असल्यास दंतवैद्यांच्या तारखेप्रमाणे काढून घ्यावेत.

४) हिरडी मिटल्यावर: आता खऱ्या अर्थाने कवल-गंडूषास वाव आहे. इरिमेदादि तैल किंवा तिळतेलाचा गंडूष, हिरड्यांवर बोटाने हलके प्रतिसारण आणि जिव्हानिर्लेखन सुरू करावे. कवळी बसवण्यापूर्वी हिरडी निरोगी व टणक असणे हे पुढील सर्व सुखाचे मूळ आहे.

मिश्री, तंबाखू व धूम्रपान या संपूर्ण काळात बंद असावे. कायमचे सोडवण्यास याहून चांगली संधी क्वचितच मिळते.

कोणाच्या बाबतीत विशेष सावध राहावे

मधुमेही रुग्णाची रक्तशर्करा विचारावी. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन यांसारखी औषधे चालू असल्यास ती आपल्या सांगण्यावरून कधीही बंद करू नयेत, तो निर्णय संबंधित तज्ज्ञांचा. मात्र अशा रुग्णास गुग्गुळ व लसूण यांचे कल्प त्या काळात न देणे शहाणपणाचे. हाडांच्या ठिसूळपणासाठी किंवा कर्करोगासाठी अ‍ॅलेन्ड्रोनेट, झोलेड्रोनिक आम्ल यांसारखी औषधे घेतलेल्या रुग्णांत दात काढल्यावर जबड्याचे हाड मृत होण्याचा धोका असतो. हा संबंध २००३ पासून वैद्यकास ज्ञात आहे. उखळ आठ आठवड्यांनंतरही मिटत नसेल तर औषधांचा हा इतिहास जरूर विचारावा.

ताप, वाढती सूज, पू, तोंड न उघडणे, गिळण्यास अथवा श्वासास अडथळा यांपैकी काहीही आढळल्यास आपल्या औषधात एक तासही घालवू नये.

दुसरा रुग्ण

वय ७१, निवृत्त प्राथमिक शिक्षक. वरची व खालची पूर्ण कवळी नुकतीच बसवलेली. खालच्या डाव्या बाजूस जिभेलगत व्रण. दंतवैद्यांकडे पुन्हा जाण्याचा त्यांना संकोच होता. "एवढे पैसे घेऊन पुन्हा कुरकुर कशाला करायची," असे ते म्हणाले. माझ्यावर विश्वास होता म्हणून माझ्याकडे आले. मी यष्टिमधु घृत लावण्यास दिले, खदिरादि वटी दिली, पित्तप्रधान मानून कामदुधा दिली. व्रण चार दिवसांत भरत आला की गुरुजी कवळी घालत आणि व्रण पुन्हा उघडे. असे तीन आठवडे चालले.

चौथ्या आठवड्यात त्यांचे वजन पाच किलोने उतरलेले आढळले. कवळी डबीत आणि आहारात पेज. नातीच्या साखरपुड्यालाही ते गेले नव्हते. कारण विचारता म्हणाले, "तिथे चारचौघांत काय खाणार आणि बोलणार तरी कसे?" हे ऐकल्यावर मी प्रथमच त्यांना माझ्यासमोर कवळी घालून दाखवण्यास सांगितले. व्रणाची जागा आणि कवळीची कड बरोबर जुळत होती. कवळी काढून कडेवरून बोट फिरवले तर तेथे एक तीक्ष्ण उंचवटा हाताला लागला.

मी त्यांच्यादेखतच दंतवैद्यांना दूरध्वनी केला. तेथे ती कड घासून गुळगुळीत करण्यास दहा मिनिटे लागली. तेच यष्टिमधु घृत पुढे आठ दिवस लावले आणि व्रण भरला तो भरलाच. नंतर भेटीस आल्यावर गुरुजी म्हणाले, "वैद्यराज, मलम तुमचेच, पण काटा त्यांनी काढला." निदानपरिवर्जन हे चिकित्सेचे पहिले सूत्र मी विद्यार्थ्यांना शिकवतो. येथे निदान रुग्णाच्या तोंडातच बसले होते आणि मी त्यावर तूप लावत होतो.

कवळीचे सात्म्य

दात गेल्यावर जबड्याचे हाड झिजते. पहिल्या काही महिन्यांत ही झीज सर्वाधिक असते आणि दीर्घकाळात खालच्या जबड्यात वरच्यापेक्षा कितीतरी अधिक होते. म्हणून कायमची कवळी बहुधा हाड काहीसे स्थिर झाल्यावर, काही आठवडे ते काही महिन्यांनी करतात. दात काढल्याच दिवशी बसवलेली तात्पुरती कवळी पहिले २४ तास रुग्णाने स्वतः काढू नये. सूज आल्यावर ती पुन्हा बसत नाही आणि व्रणावरचा दाबही जातो. ती दंतवैद्यांनीच दुसऱ्या दिवशी काढावी. अशी कवळी काही महिन्यांत सैल होणे हे हाडाच्या झिजेचे लक्षण आहे. ती आतून भरून घ्यावी लागते.

अपथ्य सोडून पथ्य अंगी लावताना पादांशिक क्रम सांगितला आहे. कवळीलाही तोच लागू करावा.

आहार: पहिले काही दिवस मऊ अन्न, लहान घास, दोन्ही बाजूंनी एकाच वेळी सावकाश चावणे. एकाच बाजूने चावल्यास कवळी उचलते. नंतर दुधात किंवा आमटीत कुस्करलेली भाकरी, मऊ पोळी, शिजवलेली फळभाजी. काकडी-गाजर किसून. पेरू, ऊस, कणीस पुढच्या दातांनी तोडण्याचा मोह कायमचा सोडावा. कवळीने नैसर्गिक दातांइतके चर्वण होत नाही, म्हणून चर्वणाचे उणे पाकसंस्काराने भरून काढावे. अन्न अधिक शिजवावे, वाटावे, किसावे. एरवी अर्धवट चावलेले अन्न गिळून अग्निमांद्य व मलावष्टंभ होतो आणि रुग्ण पुन्हा आपल्याकडेच येतो. वरची कवळी टाळू झाकते, त्यामुळे उष्णतेची जाणीव कमी होते. सवय होईपर्यंत चहा निववूनच प्यावा.

वाणी: 'स', 'फ', 'व' हे वर्ण आरंभी अडखळतात. रोज सकाळी वृत्तपत्राचा एक स्तंभ मोठ्याने वाचावा, हरिपाठ म्हणणाऱ्याने तो मोठ्याने म्हणावा. लालास्राव आरंभी वाढतो, कारण तोंड कवळीला अन्नच समजते. काही दिवसांत तो ओसरतो. खालची कवळी वरच्यापेक्षा अधिक हलते, कारण तिला आधार कमी आणि शेजारी जीभ सतत हालणारी. जीभ तिला सावरण्यास शिकते, पण त्यास काही आठवडे द्यावे लागतात.

रात्र: कवळी काढून साध्या पाण्यात ठेवावी. हिरडीलाही विश्रांती हवी. कोरडी ठेवल्यास किंवा उकळत्या पाण्यात टाकल्यास तिचा आकार बिघडतो.

स्वच्छता: मऊ ब्रश व सौम्य साबण पुरे. खाली पाण्याचे भांडे किंवा ओले फडके ठेवून धुवावी, हातातून निसटली तर फुटत नाही. दंतमंजन कवळीला लावू नये. त्यातील खडू, कोळसा, मीठ यांनी तिच्यावर ओरखडे उठतात आणि त्यांत मळ व बुरशी राहते. गंडूष, कवल, प्रतिसारण हे सर्व कवळी काढूनच करावे. त्रिफळा व हळदीचा डाग तिच्यावर बसतो.

औषधालयांसाठी

आपल्या गल्ल्यावर येणारा ग्राहक क्वचितच पूर्ण हकीकत सांगतो. म्हणून लवंग तेल, मंजन किंवा मुखपाकावरील औषध देण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत.

१) दात काढला आहे काय, आणि किती तास झाले?
२) तोंडात कवळी आहे काय, आणि व्रण तिच्या कडेजवळ आहे काय?
३) रक्त पातळ करणारी, मधुमेहाची किंवा हाडांची औषधे चालू आहेत काय?
४) हा व्रण किती दिवसांचा आहे?

चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. टोचणारी कड काढून टाकल्यावर व्रण दोन आठवड्यांत भरलाच पाहिजे. न भरणारा, कडा टणक असलेला, सहज रक्त येणारा व्रण, विशेषतः तंबाखू-मिश्री वापरणाऱ्याच्या तोंडातील, 'कवळी लागते' या समजुतीखाली महिनोन्महिने लपून राहू शकतो. तेथे पुन्हा एक मलम विकणे म्हणजे कर्करोगास मुदत देणे होय. तसेच वरच्या कवळीखालील टाळू लाल, पण न दुखणारा असेल, किंवा ओठांचे कोपरे सतत चिरत असतील, तर रात्रीही कवळी घातली जाते काय, हे विचारावे. बुरशीमुळे असे होते आणि त्यावर सुगंधी मुखवास हा उपाय नव्हे.

उपसंहार

दात काढलेल्या रुग्णाचे पहिले २४ तास हे न करण्याचे असतात. कवळीने झालेल्या व्रणात आधी कड, मग औषध. आपली द्रव्ये उत्तम आहेत, परंतु योग्य काल चुकला तर त्रिफळाही अपथ्य ठरते आणि निदान तसेच राहिले तर घृतही व्यर्थ जाते. जवळच्या एखाद्या दंतवैद्यांशी दूरध्वनीवर बोलण्याइतका परिचय प्रत्येक वैद्याने ठेवावा. आणि कवळीचा रुग्ण आला की औषधाची चिठ्ठी लिहिण्यापूर्वी त्याला ती आपल्यासमोर घालण्यास सांगून तिच्या कडेवरून एकदा बोट जरूर फिरवावे.